धुतलेला हिरवा दगड

इरा, निषाद,

परवा व्हिडिओ कॉलवर निषादने कॅमेऱ्यासमोर एक हिरवा खडा धरला. शाळेच्या सहलीत कुठल्याशा म्युझियमच्या दुकानात तो मिळाला होता आणि डबीवर बारीक अक्षरांत 'इंडिया' छापलेलं होतं. "आजी, तिथे खरंच असे दगड जमिनीत मिळतात?" असं त्याने विचारलं. मी "हो" म्हणाले आणि पुढे काही सांगणार तेवढ्यात तुमची बस आली. त्या एका 'हो'वर मला थांबता येईना. अर्धवट उत्तर मला अर्धी घडी घातलेल्या चादरीसारखं वाटतं, पुन्हा उघडून नीट घातल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. माझं पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, तेव्हा हेही इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला स्वतः वाचता आलं असतं. पण यातली माणसं इंग्रजीत बोलायला लागली तर ती मलाच ओळखू येणार नाहीत. तुमची आई वाचून दाखवेल. तिलाही यातलं फारसं माहीत नाही.

मी सोळा वर्षांची होते. आम्ही वसई पूर्वेला, गोखिवऱ्याला राहत होतो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे लोखंडी जाळीची छोटी गॅलरी. माझे वडील, म्हणजे अप्पा, तिथून पायी पंधरा मिनिटांवरच्या दगडाच्या खदानीत सुपरवायझर होते. कोकणातून येऊन दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे खदानीतले लोक त्यांना अजून 'नवे सायेब' म्हणत. आमच्या घराला घड्याळाची गरज नव्हती. सकाळी साडेसातला खडी फोडणारा क्रशर सुरू व्हायचा आणि त्याची घरघर दिवसभर चालायची. इतकी सवय झाली होती की तो बंद पडला तर आई हातातलं काम थांबवून "काय झालं गं?" असं विचारायची. दुपारी एक वाजता सुरुंग उडवायचे. आधी तीन लांब शिट्ट्या व्हायच्या. पहिल्या शिट्टीला आई उठायची, फळीवरची लोणच्याची चिनीमातीची बरणी उतरवून कडेवर घ्यायची आणि मूल धरल्यासारखी उभी राहायची. धडाम्! भांडी किणकिणायची, भिंत हलल्यासारखी वाटायची. मग आई बरणी परत जागेवर ठेवायची आणि मी घरी असले की आम्ही जेवायला बसायचो. कुळथाची पिठी, भात, सुकट भाजलेली असली तर सुकट. पापडी गावातली माझी मैत्रीण कधी शाळेत सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आणायची. ती केळीच्या सोपात बांधलेली असत, मधासारखी चिकट. ती मी आईसाठी दप्तरातून जपून घरी आणायचे.

दोन गोष्टी मात्र आमच्या घराला पुरून उरल्या होत्या. एक धूळ. खदानीची बारीक राखाडी धूळ सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी पुन्हा बसलेली असायची. दुसरं पाणी. बोअरिंगचं ते पाणी इतकं जड होतं की बादली, नळ, मोरीच्या लाद्या, सगळ्यावर आठ दिवसांत पांढरा थर चढायचा. तो साबणाने निघत नसे आणि नारळाच्या शेंडीनेही निघत नसे. सायकलवरून ॲसिड-फिनाइल विकणारा एक माणूस यायचा, त्याच्याकडची काचेची बाटली आई घ्यायची. थोडं ॲसिड ओतलं की पांढरा थर फसफसायचा आणि खालून लाल बादली पुन्हा नव्यासारखी लाल निघायची. मला ते बघायला फार आवडायचं. मी पापडीच्या नन्सच्या शाळेत शिकत होते. तिथे आमच्या कपाटांवर नावांच्या चिठ्ठ्या असत आणि वहीला डाग पडला तर पान पुन्हा लिहावं लागे. घरीही मी डब्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. तूरडाळीच्या डब्यावर 'तूरडाळ' लिहिलेलं बघून अप्पा म्हणायचे, "बरं झालं, नाहीतर मला ती साखरच वाटली असती."

शनिवारी शाळा अर्धी असायची. त्या दिवशी अप्पांचा डबा मी न्यायचे. खदानीच्या काठाशी एक उंबर होता. त्याच्या खाली शेंदूर लावलेली देवी होती आणि तिच्या बाजूच्या सावलीत बायका जेवायला बसायच्या. त्यांच्यात सोनाबाई होती. सोलापूरकडची, चाळिशीची, हातभर हिरव्या बांगड्या आणि एक दात पडलेला. बाकीच्या बायका घमेल्यांतून खडी वाहायच्या, पण सोनाबाई घण आणि छिन्नी चालवायची. नवरा गेल्यावर त्याची हत्यारं तिने स्वतःकडे घेतली होती, आणि पुरुषांपैकी कोणी त्यावर काही बोललेलं नव्हतं, कारण दगड तिच्याइतका सरळ कोणाचाच फुटत नव्हता. पहिल्याच दिवशी मी तिला "मावशी, तुमचा पदर चिखलात लोळतोय" असं सांगितलं होतं, तेव्हापासून ती मला मास्तरीण म्हणायची.

"ये मास्तरीण. आज काय चुकलं माजं?"

"काही नाही."

"बघ नीट. भाकर तरी वाकडी असंल."

मग ती अर्धी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या हातावर ठेवायची, आणि अप्पांच्या डब्यातला तांदळाचा एक घावन बदल्यात घ्यायची. "ह्याला भोकंच भोकं," म्हणायची, "आमच्या काळ्या दगडावानी."

ती बरोबर बोलत होती, पण हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. मुलांनो, आपल्या इथला काळा दगड म्हणजे फार फार पूर्वी जमिनीतून वर आलेला, थंड झालेला लाव्हा. तव्यावर पीठ पसरलं की वाफ निघते आणि घावनाला जाळी पडते, तशी त्या लाव्ह्यातून वायू निघताना पोकळ्या राहिल्या. पुढे हजारो वर्षं त्यांच्यातून गरम पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यात विरघळलेले क्षार आतल्या भिंतींवर बसत गेले. कुठे पांढऱ्या सुया तयार झाल्या, कुठे खडीसाखरेसारखे पारदर्शक स्फटिक, आणि क्वचित कुठे फिकट हिरवे गोल फुगवटे, एकाला एक चिकटलेले, जणू कच्च्या द्राक्षांचा घोस. त्या हिरव्याला प्रेहनाइट म्हणतात. खदानीत कोणी तसं म्हणत नसे. तिथे ती 'हिरवी' होती. 'हिरवी निघाली' म्हटलं की सगळे हातातलं टाकून बघायला यायचे.

त्या वर्षी पावसाळ्यात दोन सुरुंग फुसके गेले होते, आणि एक उशिराने उडाला होता. कोणाला लागलं नाही, पण माणसं बिचकली होती. नवरात्राच्या आधी खदानीचा नवा थर उघडला, आणि पहिल्याच सुरुंगानंतर मोठी पोकळी निघाली. आत हिरवी! सोनाबाईने दोन दिवस खपून, आजूबाजूचा काळा दगड कणाकणाने तोडून, मोठ्या कलिंगडाच्या फाकेएवढा तुकडा अखंड काढला. खाली काळा दगड, वर हिरवे फुगवटे आणि त्यांच्यावर विखुरलेले लखलखीत स्फटिक. सगळ्यांचं म्हणणं पडलं, हा दगड देवीचा. नव्या थराचा पहिला हिरवा देवीपाशी ठेवायचा, खंडेनवमीला हत्यारांबरोबर पुजायचा, मगच तिथे पुढचा सुरुंग लावायचा. पण मालकांचा पुतण्या, दिनूशेठ, मुंबईच्या एका व्यापाऱ्याला आधीच फोन करून बसला होता. त्याआधीचे दोन चांगले दगड असेच 'हरवले' होते, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी म्हाताऱ्या मालकांनी तोड काढली. दगड खंडेनवमीपर्यंत नव्या सायबांच्या घरी राहील, पूजा होईल, मग पुढचं बघू. भिकू नावाचा सुरुंगवाला वालीवच्या बाजूचा, भातशेती करणाऱ्या घरातला. तो अप्पांना सगळ्यांसमोर म्हणाला, "सायेब, तुमच्यावर इस्वास ठेवतो. दुसऱ्या कोनावर नाय ठेवनार."

अप्पांनी दगड गोणपाटात गुंडाळून आणला आणि खाटेखाली ठेवला. "याला हात लावायचा नाही," एवढंच ते म्हणाले.

हात लावायचा नाही हे मी ऐकलं होतं. पण खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात काय चाललं होतं तेही सांगायला हवं. देवासमोर जायची प्रत्येक वस्तू लख्ख हवी, हा आईचा नियम होता. सकाळपासून आम्ही दोघी चिंच आणि मीठ घेऊन समई, ताम्हन, निरांजन, घंटा घासत होतो. दुपारी आई शेजारी हळदीकुंकवाला गेली आणि मी राहिलेलं आवरायला लागले. खाटेखाली केर काढताना गोणपाट सरकलं. मी आत पाहिलं. हिरवे फुगवटे सुंदर होते, पण त्यांच्यामध्ये आणि स्फटिकांच्या मुळाशी पांढरा, मातकट थर बसला होता. अगदी आमच्या बादलीवर बसायचा तसा. मला वाटलं, हा बोअरिंगच्या पाण्याचाच थर. उद्या देवीसमोर सगळं लख्ख असेल आणि हा दगड तेवढा मळका! आईची बाटली मोरीत होती. मी प्लॅस्टिकचं घमेलं घेतलं, त्यात दगड ठेवला, खिडकी उघडली, नाकाला रुमाल बांधला आणि ॲसिड ओतलं. पांढरा थर असा फसफसला की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अजून निघेल म्हणून उरलेली सगळी बाटली ओतली आणि भूगोलाची वही घेऊन गॅलरीत बसले.

दीड तासाने बघितलं तेव्हा पांढरा थर गेला होता. पण खडीसाखरेसारखे स्फटिकही गेले होते, म्हणजे होते तिथेच होते, पण आता त्यांच्यातून आरपार दिसत नव्हतं. भिजलेल्या खडूसारखे झाले होते. बोट लावलं तर एकाचा भुगा झाला. हिरव्या फुगवट्यांवर धुरकट पापुद्रा आला होता. मी चार बादल्या पाणी ओतलं. नेलपॉलिश पुसतात तसा कापसाने पुसला. खोबरेल तेल लावलं. तेलाने घटकाभर हिरवा दिसला आणि वाळल्यावर पुन्हा तसाच. आज मी पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली मास्तरीण आहे. त्या स्फटिकांचं ॲसिडमध्ये नेमकं काय होतं हे समीकरणासकट सांगू शकते. त्या दिवशी मला एवढंच कळलं होतं की हे परत होणार नाही.

अप्पा संध्याकाळी आले तेव्हा मी दगड टेबलावर ठेवून समोर बसले होते. आई माझ्या मागे उभी होती. अप्पा ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि दगड उजेडाकडे वळवून बघितला.

"कशाने?"

"मोरीच्या ॲसिडने. मळ होता त्यावर."

"मळ," ते म्हणाले. मग आईकडे वळून, "उद्या मी हा नेला की लोक काय म्हणतील? सायबाने खरा दगड मुंबईला पाठवला आणि हा कुठलातरी पांढरा धोंडा आणून ठेवला. दिनूशेठ तर पेढे वाटेल."

"तुमच्यावर विश्वास आहे की त्यांचा," आई म्हणाली.

"म्हणूनच. नसता तर मला काय वाटलं असतं?"

आईने सुचवलं की दगड पडून फुटला असं सांगावं, चार तुकडे करून न्यावेत. अप्पांनी मान हलवली. "पोरगी येईल माझ्याबरोबर. काय झालं ते तीच सांगेल. मानतील किंवा नाही मानणार." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "शाळेचा गणवेश घालू नकोस. साधा फ्रॉक घाल."

सकाळी खदान ओळखू येत नव्हती. क्रशर बंद, त्याच्या पट्ट्याला झेंडूच्या माळा. उंबराखाली घण, पहारी, छिन्न्या, सुरुंगाची भोकं पाडायची मशीन, सगळं धुऊन ओळीने मांडलेलं आणि प्रत्येकावर हळदकुंकू. देवीसमोर एक पाट रिकामा ठेवला होता. अप्पांनी गोणपाट सोडलं आणि दगड पाटावर ठेवला. दिनूशेठ मोटारसायकलला टेकून उभा होता. तो आधी हसला.

"काय साहेब, हिरवी कुठे गेली? दादरला उतरली का?"

कोणी हसलं नाही, पण कोणी त्याला गप्पही केलं नाही. भिकू पुढे आला, वाकून बघितलं आणि मागे सरकला. "ह्यो तो नाय," तो म्हणाला. अप्पांकडे त्याने बघितलंही नाही.

"तोच आहे," मी म्हणाले. आवाज माझाच होता की नाही कोण जाणे. "मी धुतला. ॲसिडने. अप्पांना माहीत नव्हतं."

"पोरीला पुढं करतात," मागून कोणीतरी म्हणालं.

"बापासाठी पोर काय पन बोलंल," भिकू म्हणाला. "आमी त्या थराला सुरुंग नाय लावनार, सायेब. हे सांगून ठेवतो."

अप्पांनी मान खाली घातली. माझ्या वडिलांना मान खाली घालताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. तेवढ्यात सोनाबाई बायकांच्या घोळक्यातून उठली. लुगड्याचा काष्टा सारखा करत पाटापाशी आली, देवीला हात जोडले आणि सरळ दगड उचलून पालथा केला.

"अगं, देवीपुढचा हाय!" एक बाई म्हणाली.

"देवीला काय, ती बी मागून बघंल." सोनाबाईने दगडाच्या काळ्या पाठीवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली, आंधळी माणसं चेहरा चाचपतात तसा, कडेकडेने, हळूहळू. एका जागी अंगठा थांबला. ओळीतल्या हत्यारांतून तिने आपली छिन्नी उचलली. हळदकुंकवासकट. तिच्या धारेचा एक कोपरा उडालेला होता. ती धार तिने दगडाच्या पाठीवरच्या एका खाचेत टेकवली. खाचेच्या तळाशी, एका टोकाला, डाळीच्या दाण्याएवढा उंचवटा शिल्लक होता. उडालेला कोपरा बरोबर त्या उंचवट्यावर बसला. मग दुसऱ्या खाचेत. मग तिसऱ्या.

"भिकू, हिकडं ये. डोळं हायती ना? ही कुनाची छिन्नी?"

भिकू वाकला. छिन्नी स्वतः हातात घेऊन त्याने चौथ्या खाचेत टेकवली. मग काढून पुन्हा बसवून बघितली.

"बोल की."

"तुजी," तो म्हणाला.

"दोन दीस पाठ घासली म्या ह्या दगडाची. माज्या लेकाच्या पाठीपरास मला ही पाठ वळकीची हाय. तोंड धुतलं म्हून पाठ बदलत न्हाय." मग माझ्याकडे वळली. "आन् तू गं! देवीचं तोंड धुवायला कुनी सांगितलं हुतं तुला? आन् धुतलंस ते बी संडासाच्या आशिडनं!"

पहिल्यांदा बायका हसल्या. मग पुरुष. भिकूने तोंडावर हात ठेवला. सोनाबाईने दगड उलटा करून पाटावर ठेवला, छिन्नी जागेवर ठेवली आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. टपली चांगली जोरात होती. "मास्तरीण हाय. सगळं पुसून टाकती," ती म्हणाली.

भिकूने अप्पांसमोर येऊन हात जोडले. "सायेब, बोललो ते पोटात घाला." अप्पांनी त्याचे हात धरले. मग त्यांनी नारळ त्याच्याच हातात दिला. फोडायचा मान खरं तर अप्पांचा होता. नारळ एका फटक्यात सरळ फुटला, आणि हे सगळ्यांनी चांगलं मानलं. दिनूशेठने दगडाजवळ येऊन नखाने एक स्फटिक खरवडला. भुगा झाला. "आता याला कोण विचारणार," असं म्हणून त्याने मोटारसायकलला किक मारली.

म्हणजे बघा, पूजेनंतर पुढचं बघू असं जे ठरलं होतं, ते बघायची गरजच पडली नाही. चांगला राहिला असता तर तो दगड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईला गेला असता, मग कुठल्या देशात, कुठल्या डबीत, कोण जाणे. खराब झाला म्हणून देवीपाशी राहिला. याचा अर्थ मी चांगलं काम केलं असा काढू नका. मी हे सोनाबाईला एकदा म्हणून दाखवलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "मंग काय, हार घालू तुला?" तिच्या दोन दिवसांच्या कामाचं मी काय केलं हे तिला माहीत होतं आणि मलाही. पण नव्या थराला सुरुंग लागला, कोणाला काही झालं नाही, आणि अप्पांना त्यानंतर सगळे नुसतं 'सायेब' म्हणू लागले. 'नवे' गेलं. दर शनिवारी मी घावन जास्तीचे न्यायला लागले. हिरवी निघाली की सोनाबाई मला हाक मारून दाखवायची, पण हातात द्यायची नाही. "लांबून बघ," म्हणायची.

माझं लग्न झालं त्या वर्षी खदान बंद झाली. सोनाबाई मुलाकडे गावी गेली. एकदा पत्र आलं होतं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, त्यात फक्त सगळ्यांची खुशाली होती. खड्ड्यात काही वर्षं पाणी साचलं होतं, मग भराव टाकला, आता तिथे सात मजल्यांच्या इमारती आहेत. उंबर उभा आहे. सोसायटीच्या कुंपणाची भिंत त्याच्यासाठी वळवून बांधली आहे, आणि त्याच्या खाली टाइल्स लावलेलं छोटं देऊळ आहे. मागच्या महिन्यात मी जाऊन आले. देवीच्या डाव्या हाताला तो दगड आहे. पुढची बाजू इतक्या वर्षांच्या शेंदराने भरून गेली आहे, हिरवं काही दिसत नाही. मागे हात घालून मी पाठ चाचपली. खाचा आहेत.